मैफलीपासून दूर गेलेला संगीतकार

मुलांनो, लग्नाच्या वरातीत तुम्ही कधी बँडच्या अगदी मागे चालला आहात का? ढोल, ताशा, फटाके आणि लाउडस्पीकर यांचा आवाज तास दोन तास कानांवर आदळत असतो. रात्री तुम्ही घरी येता आणि अंथरुणावर पडता. घरात व गल्लीत सगळे शांत झालेले असते. तरीही कानात एक बारीक शिट्टी वाजत राहते. उशीत कान दाबून धरला, तरी ती थांबत नाही. कारण ती बाहेरून येतच नसते. सकाळ होईपर्यंत बहुधा ती विरून जाते आणि तुम्ही ती विसरूनही जाता.

काही माणसांच्या कानातील ही शिट्टी सकाळी थांबत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि दहा वर्षांनीही नाही. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला भुंग्यासारखी गुणगुण, तर कोणाला वाऱ्याचा घोंघाट. आपल्याकडील जुन्या वैद्यांनी या विकाराला कर्णनाद असे नाव दिले आहे. आज मराठीत डॉक्टरही हाच शब्द वापरतात.

आता ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याला हा विकार सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असताना जडला. तो सुतार किंवा शेतकरी असता, तर त्याने हे दुःख कदाचित चारचौघांत बोलून दाखवले असते. पण तो संगीतकार होता. त्याचे नाव लुडविग फान बीथोव्हन. युरोपच्या संगीतात त्याच्याएवढे मोठे नाव शोधायचे झाले, तर दोन-तीनच सापडतील.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी बॉन नावाचे गाव आहे. तेथे १७७० साली बीथोव्हनचा जन्म झाला. १७ डिसेंबर या दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. त्याचे आजोबा तेथील राजदरबारात संगीतप्रमुख होते आणि वडील गायक होते. वडील कडक स्वभावाचे होते आणि त्यांना दारूचे व्यसन होते. मुलाने लवकर नाव काढावे, पैसा मिळवावा, म्हणून ते त्याला पियानोपुढे बसवत. पुढे नेफे नावाचे चांगले गुरू त्याला लाभले. १७८७ साली आई क्षयाने वारली आणि वयाच्या सोळाव्या वर्षीच धाकट्या भावांचा भार त्याच्यावर येऊ लागला. १७९२ च्या अखेरीस तो व्हिएन्ना या शहरात आला आणि हायडन या थोर संगीतकाराकडे शिकू लागला. बॉनला तो पुन्हा कधीच गेला नाही.

व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. तेव्हा रेडिओ नव्हता, तबकड्या नव्हत्या. संगीत ऐकायचे, तर वाजवणारा माणूस समोर हवा. म्हणून श्रीमंत सरदारांच्या दिवाणखान्यांत मैफली भरत. मैफल हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही; तुमच्या उर्दूतील महफिलच मराठीत मैफल झाली आहे. लिख्नोव्स्की नावाच्या एका सरदाराकडे तर दर शुक्रवारी सकाळी मैफल असे. झुंबरे लावलेली दालने, रेशमी पोशाखातील पाहुणे, हसणे, खाणेपिणे, गप्पा आणि मध्येच पियानो. ज्याला या दालनांत प्रवेश मिळाला, त्याला शिष्य मिळत, आश्रयदाते मिळत, नव्या रचना विकत घेणारे मिळत. मैफलीत जाणे ही संगीतकाराची हौस नव्हती. ती त्याची रोजीरोटी होती.

बीथोव्हन दिसायला राजबिंडा नव्हता. ठेंगणा बांधा, चेहऱ्यावर देवीचे वण, विस्कटलेले केस. वाकून मुजरा करणे त्याला जमत नसे. पण पियानोवर बसला, की आयत्या वेळी सुचेल ते तो असे वाजवी, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येई. १७९५ मध्ये व्हिएन्नात कलावंतांच्या मदतीसाठी रेडूटेनझाल या राजवाड्यातील मोठ्या सभागृहात नाचाचा जलसा झाला. त्यासाठी नृत्यसंगीत रचण्याचे काम या पंचविशीतील तरुणाला मिळाले. गजबज, गर्दी आणि गोंगाट यांच्या मधोमध तो सुखाने उभा होता.

त्यानंतर तीन-चार वर्षांत कानांत आवाज सुरू झाला.

तो रात्रंदिवस चालू असे. शिट्टी वाजे, गुणगुण होई. त्याबरोबर ऐकूही कमी येऊ लागले. हे त्याने कोणालाच सांगितले नाही. मैफलींना तो जात राहिला. १८०० साली व्हिएन्नात श्टायबेल्ट नावाचा एक प्रसिद्ध पियानोवादक आला आणि एका सरदाराच्या घरी दोघांचा सामना ठरला. बीथोव्हनचा शिष्य रीस याने या प्रसंगाची हकीकत लिहून ठेवली आहे. श्टायबेल्टने आपले कसब दाखवले. मग बीथोव्हन उठला. श्टायबेल्टच्या रचनेतील एक कागद त्याने उचलला, उलटा करून पियानोवर ठेवला आणि त्यातील पहिले काही स्वर एका बोटाने ठोकले. त्या उलट्या स्वरांवरून त्याने अशी काही बढत केली, की ती संपण्यापूर्वीच श्टायबेल्ट दालनाबाहेर निघून गेला! जमलेल्या पाहुण्यांना त्या रात्री बीथोव्हनच्या कानात काय चालले आहे, याची गंधवार्ताही नव्हती.

अशी लपवाछपवी किती दिवस चालणार? २९ जून १८०१ रोजी त्याने बॉनमधील आपला बालमित्र वेगेलर याला एक लांबलचक पत्र लिहिले. वेगेलर डॉक्टर होता. या पत्रात बीथोव्हनने प्रथमच मन मोकळे केले. जवळजवळ दोन वर्षे आपण लोकांच्या बैठकींना जाण्याचे टाळतो आहोत, कारण आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना सांगणे आपल्याला शक्य नाही, असे त्याने कळवले. नाटक पाहायला गेले, की नटाचे बोलणे समजण्यासाठी त्याला अगदी वाद्यवृंदाला खेटून बसावे लागे. थोडे दूर बसले, तर वाद्यांचे आणि गळ्याचे उंच स्वर ऐकूच येत नसत. कोणी हळू बोलले, तर आवाज कानी पडे, पण शब्द कळत नसत. आणि कोणी ओरडून बोलले, तर ते सहन होत नसे! तो मुळातच तंद्रीत असणारा माणूस होता, म्हणून त्याच्या गप्प बसण्याकडे लोक फारसे लक्ष देत नसत. शेवटी त्याने मित्राला विनवले, की ही गोष्ट कोणालाही सांगू नकोस.

हळू बोललेले कळत नाही आणि मोठ्याने बोललेले सोसत नाही, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. तुमच्या घरातील एखादे वृद्ध माणूस आधी मोठ्याने बोल म्हणते आणि तुम्ही आवाज चढवला, की ओरडतोस कशाला म्हणून रागावते. मुले यावर हसतात. पण त्या माणसाचे काहीच चुकलेले नसते.

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक बारीक नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीवर केसांसारखे तंतू असतात. आवाज आला, की हे तंतू हलतात आणि मेंदूला निरोप जातो. आजाराने, वयाने किंवा फार मोठ्या आवाजाने या पेशी मेल्या, तर माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा उंच स्वरांच्या पेशी आधी जातात. बोलण्यातील स, त, क यांसारखी व्यंजने त्या उंच भागात असतात. ती गेली, की साप, ताप आणि काप हे तिन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. आवाज येतो, शब्द येत नाही, तो असा. दुसरीकडे, अशा कानाला अगदी हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र निरोगी कानाएवढाच, कधी त्याहूनही तीव्र लागतो. ऐकू न येणे आणि असह्य होणे यांच्यामधली जागा फार अरुंद होऊन जाते. आणि कानाकडून निरोप येईनासा झाला, की मेंदू जणू आपली ऐकण्याची शक्ती वाढवून वाट पाहत बसतो. त्या वाट पाहण्यातूनच शिट्टी आणि गुणगुण निर्माण होते, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात.

आता अशा माणसाला भरलेल्या दिवाणखान्यात नेऊन बसवा. पन्नास माणसे एकाच वेळी बोलत आहेत. भांड्यांचा खणखणाट चालू आहे. समोरची बाई काहीतरी विचारते आहे आणि तिचे ओठ तेवढे हलताना दिसत आहेत. आतली शिट्टी चालूच आहे. हो म्हणावे, तर प्रश्न काय होता ते माहीत नाही. पुन्हा विचारावे, तर गुपित फुटेल. बीथोव्हनची खरी कोंडी येथे होती. १ जुलै १८०१ रोजी आमेंडा या दुसऱ्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे स्वच्छ सांगितले आहे. वाजवताना आणि रचना करताना हा विकार त्याला सर्वांत कमी जाचत होता. सर्वांत जास्त जाचत होता, तो लोकांमध्ये बसल्यावर. पुष्कळ लोक बीथोव्हनची गोष्ट सांगताना पियानो आणि बहिरेपणा एवढेच सांगतात. त्याचे स्वतःचे म्हणणे थोडे वेगळे होते, हे लक्षात असू द्या.

डॉक्टरांनी नाना उपाय केले. कानात बदामाचे तेल घातले. थंड पाण्याने आंघोळ करायला लावली. तिने त्रास वाढला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरने डॅन्यूब नदीच्या कोमट पाण्याने आंघोळ सांगितली. गोळ्या झाल्या, काढे झाले. एका झाडाच्या सालीचा दाह करणारा लेप दोन्ही दंडांवर बांधला, तेव्हा फोड येऊन हात दिवसेंदिवस जखडून राहिले. पियानोवादकाचे हात! आवाज काही थांबला नाही.

मध्येच थोडे बरे दिवस आले. १६ नोव्हेंबर १८०१ च्या पत्रात त्याने वेगेलरला कळवले, की आपण पुन्हा लोकांत मिसळू लागलो आहोत आणि हा बदल एका मुलीमुळे झाला आहे. ही मुलगी म्हणजे त्याची शिष्या ज्युलिएट्टा ग्विचार्डी असावी, असे अभ्यासक मानतात. मूनलाइट या नावाने जगभर प्रसिद्ध असलेली त्याची पियानोरचना १८०२ साली छापली गेली, तेव्हा त्याने ती तिलाच अर्पण केली. पण ती सरदाराची मुलगी होती. १८०३ मध्ये तिचे लग्न दुसऱ्याच एका सरदाराशी झाले.

१८०२ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला कानांना विश्रांती देण्यासाठी खेड्यात राहायला सांगितले. व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या गावी तो राहिला. आज ते गाव व्हिएन्ना शहरातच सामावले आहे. एके दिवशी शिष्य रीस भेटायला आला आणि दोघे रानात फिरायला गेले. एक धनगर लाकडाची बासरी फार गोड वाजवत होता. रीसने तिकडे गुरूचे लक्ष वेधले. बीथोव्हन अर्धा तास कान देऊन उभा राहिला. त्याला एकही स्वर ऐकू आला नाही. त्याचा चेहरा उतरलेला पाहून रीसने त्याला सांगितले, की आता मलाही बासरी ऐकू येत नाही. खरे म्हणजे रीसला ती स्पष्ट ऐकू येत होती.

त्याच गावी ६ ऑक्टोबर १८०२ रोजी त्याने आपल्या दोघा भावांना उद्देशून काही पाने लिहिली आणि चार दिवसांनी त्यांत आणखी मजकूर जोडला. ही पाने त्याने कधीच पाठवली नाहीत. तो वारल्यावर त्याच्या कागदपत्रांत ती सापडली. लोक आपल्याला तुसडा, हट्टी आणि माणूसघाणा समजतात. पण त्यामागचे कारण त्यांना माहीत नाही, अशी त्यात तक्रार आहे. आपला स्वभाव मूळचा बोलका, माणसांची आवड असलेला. तरी लवकरच आपल्याला एकट्याने राहावे लागले, असे तो लिहितो. लोकांजवळ गेले, की आपली स्थिती त्यांच्या लक्षात येईल, या भीतीने त्याच्या अंगाला जणू आग लागे. जरा मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही, एवढे साधे वाक्य त्याला उच्चारता येत नव्हते. जी शक्ती आपल्यात इतरांपेक्षा अधिक असायला हवी, तीच कमी आहे, हे कसे सांगायचे? जीव द्यावा, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण जे संगीत आपल्या आत आहे, ते सारे बाहेर आणल्यावाचून जग सोडता येणार नाही, या विचाराने तो मागे फिरला.

तो व्हिएन्नाला परतला आणि कामाला लागला. पुढच्या दहा वर्षांत त्याने काय काय रचले, याची यादी देत बसलो, तर हा पाठ तेवढ्यानेच संपेल. त्याची तिसरी, पाचवी आणि सहावी सिंफनी याच काळातील आहे. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेली, बहुधा चार भागांची रचना. फिडेलिओ हे त्याचे एकमेव संगीतनाटकही याच काळातील.

माणसांशी वागणे मात्र तसेच खडबडीत राहिले. एका सरदाराच्या घरी तो आणि रीस एकत्र पियानो वाजवत होते. दाराशी एक तरुण उमराव एका बाईशी मोठ्याने बोलत होता. बीथोव्हनने रीसचे हात पियानोवरून उचलले, असल्या लोकांसाठी आपण वाजवणार नाही असे फार कडक शब्दांत सुनावले आणि तो उठून उभा राहिला. पाहुण्यांनी याला उर्मटपणा म्हटले. उर्मटपणा होताही. पण ज्याच्या कानात आधीच गोंगाट आहे, त्याला बाहेरची कुजबुज किती महाग पडते, हे त्या दालनातील किती जणांना ठाऊक होते? त्याने सांगितल्यावाचून त्यांना ते कळणार तरी कसे?

१८०६ मध्ये मात्र एक लहानशी गोष्ट घडली. तो काही चतुष्कांवर, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांवर काम करत होता. कच्च्या स्वरलेखनाच्या एका पानावर त्याने पेन्सिलीने स्वतःसाठीच एक सूचना लिहून ठेवली. आपले बहिरेपण आता गुपित राहू देऊ नये, कलेतसुद्धा राहू देऊ नये, असा तिचा आशय आहे. पाच वर्षांपूर्वी ज्याने मित्राला गुप्ततेची शपथ घातली होती, त्याच्याच हातची ही ओळ आहे.

कोणाला असे वाटेल, की ऐकू कमी येते म्हणजे निदान मोठ्या आवाजाचा तरी त्रास नसेल. १८०९ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या फौजेने व्हिएन्नावर तोफा डागल्या. तेव्हा बीथोव्हन आपल्या भावाच्या घराच्या तळघरात बसून होता. तोफांचे आवाज कानांवर येऊ नयेत, म्हणून त्याने डोक्याभोवती उशा दाबून धरल्या होत्या. उरलेसुरले कान त्याला जपायचे होते.

१८१२ च्या उन्हाळ्यात टेप्लित्झ या गावी त्याची आणि जर्मन महाकवी गटे याची भेट झाली. तुमच्या डॉ. इक्बाल यांना अतिशय प्रिय असलेला हाच तो कवी. गटे दरबारी रीतीरिवाजांत मुरलेला होता, बीथोव्हन अगदी उलट. दोघांचे फारसे जमले नाही. पण नंतर आपल्या एका मित्राला लिहिताना गटेने जे लिहिले, ते त्याच्या नजरेची साक्ष देते. या माणसाची श्रवणशक्ती जात चालली आहे, म्हणून त्याला क्षमा केली पाहिजे. या विकाराने त्याच्यातील संगीतकारापेक्षा त्याच्यातील समाजात वावरणाऱ्या माणसाचेच नुकसान अधिक होत असावे, असे गटेला वाटले. आमेंडाला लिहिलेले ते जुने पत्र गटेने पाहिलेले नव्हते.

८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मोठी मैफल झाली. सातवी सिंफनी प्रथमच वाजली. शिवाय वेलिंग्टनच्या विजयावरची एक रचना वाजली. तिच्यात बंदुकांचे आणि तोफांचे आवाज वाद्यांनी काढायचे होते. संचालनाला स्वतः बीथोव्हन उभा होता. वाद्यवृंदात बसलेल्या श्पोर या व्हायोलिनवादकाने त्याचे संचालन कसे होते, ते लिहून ठेवले आहे. हळुवार भाग आला, की बीथोव्हन खाली वाकत वाकत जवळजवळ दिसेनासा होई. आवाज वाढू लागला, की वर वर येई आणि जोराच्या ठिकाणी हवेत उडी घेई! हळू स्वर त्याला ऐकूच येत नव्हते. त्यामुळे एकदा तो रचनेत पुढे निघून गेला आणि वाद्यवृंद मागे राहिला. त्याने उडी मारली, तेव्हा वाद्ये अजून शांतच होती. त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिले आणि जोराचा भाग सुरू झाल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. लोकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. सातव्या सिंफनीचा दुसरा भाग त्यांनी पुन्हा वाजवायला लावला. पुढच्या वर्षी युरोपचे राजेरजवाडे व्हिएन्नात जमले, तेव्हा त्याच रेडूटेनझालमध्ये त्यांच्यासमोर त्याची मैफल झाली. एवढा मान त्याला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पण पियानो हातचा जाऊ लागला होता. १८१४ च्या वसंतात त्याने एक त्रिकूट वाजवले. तालमीच्या वेळी श्पोरने पाहिले, की जोराच्या ठिकाणी तो इतक्या जोराने पट्ट्या दाबतो, की तारा खणखणतात आणि हळू ठिकाणी इतक्या हळू दाबतो, की स्वरच उमटत नाहीत. पुढे लवकरच त्याने लोकांपुढे वाजवणे सोडले. मेल्त्सेल नावाच्या कुशल कारागिराने त्याला ऐकण्यासाठी धातूचे कर्णे बनवून दिले. त्यांतील काही आजही बॉन येथील त्याच्या जन्मघराच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

१८१८ पासून त्याने एक साधी युक्ती स्वीकारली. खिशात एक वही आणि पेन्सिल ठेवायची. भेटायला आलेल्या माणसाने आपले बोलणे वहीत लिहायचे आणि बीथोव्हनने तोंडाने उत्तर द्यायचे. घरी येणारे पाहुणे, पुतण्या कार्ल, छापखानेवाले, मोलकरणी, सगळे वहीत लिहू लागले. अशी वही पुढे करणे म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही, हे न बोलता सांगणेच नाही का? पूर्वी ज्या वाक्याच्या भीतीने तो मैफलींतून पळत होता, ते वाक्य आता तो रोज टेबलावर ठेवत होता. उपाहारगृहात बसून तो मित्रांशी राजकारण बोले, पुस्तके बोले, विनोद करी. तो अजूनही चिडखोर होता, संशयी होता. घरे आणि नोकर सारखे बदलत असे. वहीमुळे त्याचा स्वभाव बदलला, असे कोणी म्हणू नये. पण टेबलाशी त्याची जागा त्याला परत मिळाली.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्नातील एका नाट्यगृहात त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली. तिच्या शेवटच्या भागात वाद्यांबरोबर माणसेही गातात. संचालन उमलाउफ नावाचा गृहस्थ करत होता. बीथोव्हन जवळच उभा राहून लय दाखवत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण बीथोव्हनची पाठ लोकांकडे होती. तेव्हा करोलिने उंगर ही तरुण गायिका पुढे झाली आणि तिने त्याला हाताने धरून लोकांकडे वळवले. समोर हातरुमाल आणि टोप्या हवेत फडकत होत्या. लोकांना कळले, की टाळ्या पुरेशा नाहीत. त्याला दिसेल असे काहीतरी केले पाहिजे.

पुढच्या वर्षी एका नव्या चतुष्काची तालीम चालू असताना तो वादकांजवळ बसून व्हायोलिनच्या गजांकडे टक लावून पाहत असे. लय जराशी चुकली, तरी गजाच्या हालचालीवरून त्याला ती कळत असे आणि तो लगेच सुधारत असे.

२६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्ना येथे तो वारला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. मशाल धरून चालणाऱ्यांत शूबर्ट हा तरुण संगीतकारही होता. त्याचे कान कशाने गेले, याचा शोध आजही चालू आहे. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या जपून ठेवलेल्या केसांतील जनुके तपासली. त्याला यकृताचा आजार का झाला असावा, याचे धागेदोरे मिळाले. बहिरेपणाचे कारण मात्र मिळाले नाही. कर्णनाद कायमचा थांबवणारे औषध आजही नाही. श्रवणयंत्र, मंद आवाजाची सोबत आणि जाणकारांचा सल्ला यांनी तो पुष्कळ सुसह्य होतो.

बीथोव्हनच्या शंभराहून अधिक वह्या शिल्लक आहेत. बहुतेक बर्लिनच्या ग्रंथालयात आहेत. त्या वाचताना गंमत वाटते. पानावर फक्त समोरच्याचे बोलणे असते. बीथोव्हनची उत्तरे त्याने तोंडी दिली, त्यामुळे ती हवेत विरून गेली. प्रश्न आहेत, उत्तरे नाहीत. बाजाराचे हिशेब आहेत, पुस्तकांची नावे आहेत. मात्र चारचौघांत काही खाजगी बोलायचे असले, म्हणजे बीथोव्हन आपली उत्तरेही लिहून देत असे.

असाच एक प्रसंग १८२३ सालच्या वहीत आहे. व्हिएन्नातील एका कॉफीगृहात एक अनोळखी माणूस त्याच्याजवळ आला. त्या माणसाचेही कान चालले होते आणि काय करावे, ते त्याला सुचत नव्हते. भोवती गिऱ्हाइकांची वर्दळ होती. बीथोव्हनने वही उघडली आणि त्याला सल्ला लिहून दिला. आंघोळीने आणि गावाकडच्या मोकळ्या हवेने बरे वाटेल. ऐकण्याची यंत्रे घाईने वापरू नयेत, ती टाळल्यानेच आपला डावा कान थोडाफार टिकला आहे. आणि जमेल तेथे लिहूनच बोलावे, म्हणजे कानांना त्रास होत नाही, असे त्याने सांगितले. त्या पानावर दोघांचेही अक्षर आहे.